तिकडचं वाढलं

मास्तर, वरचा मायना मुद्दामच घातलेला नाही. तो तुम्हीच आमच्याकडून पाटीवर घोटून घेतला होता, पण तो जित्या माणसाला लिहायचा असतो. तुम्ही वारलात त्यालाच आता एक पिढी झाली. मी तेल्हाऱ्याच्या अंगाच्या त्या खेड्यातला, पुढच्या रांगेत बसणारा, आधी हात वर करून मग उत्तर शोधणारा. ओळख पटली तर पटली, नाही तर वाचता वाचता पटेल. मीही पुढं मास्तरच झालो. अमरावतीच्या शाळेत जन्म काढला आणि आता घरी बसलोय, गुडघे धरून. परवा शाळेतला एक नवा मास्तर भेटायला आला. पोरगेला आहे, डोक्यात उत्साह फार. म्हणाला, गुरुजी, उद्यापासून मोठ्या मुलांना अलंकार सुरू करायचाय, कविता कशी वाचायची ते दाखवायचंय, कुठून सुरुवात करू? मी म्हणालो, व्याख्या पाठ करून घे, उदाहरणं पुस्तकात आहेत. त्याचा चेहरा पडला. चहा अर्धा टाकून उठला बिचारा. तेव्हापासून माझं मन ठिकाणावर नाही, म्हणून कागद घेऊन बसलो.

तुम्ही पुण्याकडून आलात तेव्हा सरकारी शाळा नवीच होती, मारुतीच्या देवळाच्या ओसरीत. वऱ्हाडचं ऊन आणि वऱ्हाडचा ठेचा, दोन्हींनी तुमच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं, आणि आम्ही कार्टी ते पाहून हसायचो. पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, "मास्तर, तुमी इकडं काहून आले?" तुम्हाला वाटलं पोरगं उर्मट आहे. ते उर्मट नव्हतं हो, आमची विचारायची रीतच ती. मग एक दिवस तुम्ही उपमा काढलीत. फळ्यावर लिहिलंत, तिचं मुख चंद्रासारखं आहे. मागून आवाज आला, "मास्तर, चंद्रावर डाग रायते. मंग त्या बाईले देवी आल्या होत्या काय?" सगळा वर्ग खिदळला. दुसरा मास्तर असता तर छडी घेतली असती. तुम्ही खुर्चीवर बसलात आणि डोळे पुसत हसलात. आणि म्हणालात, "शाबास. कवीला सुचलं नाही ते तुला दिसलं. आता सांगा, तुमच्या घरी कोण कोणाला कशासारखं म्हणतं?"

मग काय, उघडलंच गाठोडं. माकडावानी बसू नको. भुतावानी काय पाह्यतं. ढोरावानी जेवते. तुम्ही फळा भरून टाकलात आणि म्हणालात, "अरे, तुम्ही तर दिवसभर उपमा फेकता! 'वानी' दिसलं की समजा, इथं उपमा आहे. आता ते 'वानी' काढून घ्या. 'तू गाढवावानी आहेस' ही उपमा. 'तू गाढव आहेस' हे रूपक." झालं. आठवडाभर गावात नुसता धुमाकूळ. विहिरीवर, खळ्यावर, जो तो एकमेकांना गाढव, रेडा, घुबड म्हणून राहिला, आणि कोणी मारायला धावलं की, "मी तुले शिवी नाई देल्ली बे, रूपक केलं!" एका पोराच्या बापानं तुमच्याकडं येऊन तक्रार केली, तर तुम्ही त्यालाच बसवून उपमा आणि रूपकाचा फरक समजावून सांगितला. तो जाताना म्हणाला, मास्तर येडा हाये, पन चांगला हाये. तुमच्या कानावर आलं होतं की नाही कोण जाणे.

नंतर तुम्ही जरा खोल पाण्यात नेलंत. बाया दळताना ओव्या म्हणतात, त्या ऐकून या म्हणालात. मी आईची एक आणली होती. तिच्यात सासरी गेलेली बाई सांगते की इथली विहीर खोल आहे आणि दोर लांब आहे, एवढंच. तुम्ही विचारलंत, "ही विहिरीची तक्रार आहे का?" मग मीच म्हणालो, "नाई मास्तर. सासूची हाये." तुम्ही माझ्याकडं असं पाहिलंत की मला वाटलं, आता मी तहसीलदारच होणार. तेव्हा तुम्ही आम्हाला तीन प्रश्न दिलेत. कोण बोलतं? कोणाशी बोलतं? आणि कोणता शब्द गिळतं? कविता असो की घरातलं बोलणं, हे तिन्ही विचारायचे म्हणालात. मला तो खेळच लागला. भाकरी खाताना, ढोरं पाजताना, मी सगळ्यांचे गिळलेले शब्द शोधत हिंडायचो.

त्या साली कापसानं लोकांची डोकी फिरली होती. समुद्रापल्याड कुठं गोऱ्यांची आपसात जुंपली होती म्हणे, तिकडचा कापूस बंद पडला आणि आमच्या पऱ्हाटीला भाव आला. ज्याच्या घरी धड दरवाजा नव्हता त्यानं बैलांच्या शिंगांना चांदी बसवली. आगगाडी अजून आमच्या अंगाला आली नव्हती, गाड्या खानदेशापर्यंत हाकत न्याव्या लागत. माझा बापही गेला गाड्या घेऊन, सोबत काका. जाताना म्हणाला होता की या वेळी कापसासोबत थेट मुंबईपर्यंत जातो, समुद्र पाहून येतो. बहिणीचं लग्न ठरलं होतं. सोयरीक मोठ्या घरची, तिकडच्या माणसांच्या शंभर अटी, आणि बाप लग्नाच्या आत परत येणार होता. आई रोज वेशीकडं पाहायची. मीही पाहायचो, पण मला समुद्राबद्दल विचारायचं होतं.

मग गाड्या परत आल्या. बापाची गाडी काका घेऊन आला. आई दारात उभी होती, मी तिच्या मागं. काका बैल सोडत म्हणाला, "त्याचं तिकडचं वाढलं." आई आत गेली आणि काकासाठी पाणी आणलं. मी मात्र आनंदानं उडालोच. बापाचं काम वाढलं! आता तो मोठा व्यापारी होऊन येणार, आमच्याही बैलांना चांदी लागणार.

तुम्ही नेमका त्याच दिवसांत 'वाढणे' शिकवत होतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. वाईट शब्द घरात येऊ नये म्हणून त्याच्या जागी चांगला शब्द बसवतात, हे तुम्ही समजावलंत आणि म्हणालात, घरी जाऊन आणखी शोधा. दुसऱ्या दिवशी पोरांनी 'कुंकू वाढलं' आणलं, 'दिवा वाढवला' आणलं. माझा हात वर. "मास्तर, खरंखुरं वाढलं थे चालते काय?" तुम्ही म्हणालात, "चालेल, सांग." मी उभा राहून छाती काढून सांगितलं, "माह्या बापाचं तिकडचं वाढलं. मुंबईले."

तुम्हाला बरं वाटलं, मला आठवतं. उलटं उदाहरण सापडलं म्हणून. तुम्ही नेहमीच्या हौसेनं प्रश्न सुरू केलेत. "कोण म्हणालं?" काका. "कोणाला?" मायले. "काम वाढलं म्हणाले, की नुसतं वाढलं म्हणाले?" नुसतं. "म्हणताना कोणाकडे पाहत होते?" मी म्हणालो, "कोनाकडंच नाई. बैल सोडून राह्यले होते." तुमच्या हातात खडू होता. तो फळ्यावर टेकलेला होता, पण तुम्ही काही लिहीत नव्हतात. पाठ आमच्याकडं. मग वळलात आणि म्हणालात, "हे वाक्य साधं आहे. यात काही नाही. बस खाली."

मास्तर, तुम्हाला खोटं बोलता येत नव्हतं. ज्या माणसाला 'भूक लागली' या दोन शब्दांतही काहीतरी सापडायचं, त्यानं माझ्या वाक्यात काही नाही म्हणावं? मी खाली बसलो आणि बसल्या बसल्या तुमचेच तीन प्रश्न तुम्हाला लावले. कोण बोलतं, मास्तर. कोणाशी, माझ्याशी. कोणता शब्द गिळला, ते विचारायची गरजच उरली नाही. गुडघ्यांत डोकं घातलं. वर्गात रडलो नाही, पण शेजारच्यानं विचारलं, "काहून बे, पोट दुखते काय?" मी हो म्हणालो.

घरी जाताना सगळं दिसायला लागलं. काका आल्यापासून देवाला शिवला नव्हता. आंग कसकस करते म्हणायचा आणि पूजा शेजारच्या आजोबांकडून करवून घ्यायचा. कन्यादान मामा-मामी करतील, हेही त्यानंच परस्पर ठरवलं होतं. तुम्हाला सांगायला नको, पण स्वतःसाठीच लिहितो: दूरदेशीचं असं काही असलं तर सुतक ऐकल्यावर लागतं. कानावर पडलं की घर विटाळलं आणि लग्न थांबलं. मोठ्या घरच्या त्या लोकांनी वर्षभर थांबायचं नाव काढलं नसतं, उलट पोरगी पांढऱ्या पायाची म्हणून मोडून मोकळे झाले असते. काकानं ते एकट्यानं कानात धरून ठेवलं होतं आणि घराला ऐकू येऊ दिलं नव्हतं. खोटंही बोलवेना त्याच्यानं, म्हणून असा शब्द शोधला जो दोन्हीकडून खरा. माझ्या अडाणी काकाला तो सुचला कसा, याचं मला आजही नवल वाटतं.

आणि मला तर कळलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, पण कळलं होतं. हळदीच्या आदल्या दिवशी मी तुमच्या बिऱ्हाडी आलो. तुम्ही भाकरी थापायच्या खटपटीत होतात, पीठ कोपरापर्यंत. मी दारातूनच विचारलं, "मास्तर, कोनी सांगतलं नाई, पन समजलं, तर सुतक लागते काय?" तुम्ही हात तसेच धरून उभे राहिलात. विचारलं नाहीत, काय समजलं. कोणाचं सुतक, तेही नाही. फक्त म्हणालात, "शास्त्रात ऐकण्याला सुतक आहे. ओळखण्याला नाही. जा, बहिणीला हळद लाव." मी निघालो तर मागून तुम्ही हाक मारलीत. तव्यावरची भाकरी मला दिलीत, कच्ची होती, कडेला करपलेली. मी ती वाटेत खाल्ली आणि रडलो. घरी रडता येण्यासारखं नव्हतंच.

हळद लागली. बहीण म्हणाली, "ये ना रे भाऊ, सगळ्यात शेवटी काय येतं!" मी तिच्या गालाला दोन बोटं लावली आणि हात मागं घेतला. आईचा हात माझ्या डोक्यावर होता, त्यातल्या नव्या हिरव्या बांगड्या कानाशी वाजत होत्या. लग्न झालं, जेवणावळी झाल्या, लोक म्हणत होते, बाप असता तर किती नाचला असता, येईलच म्हणा आता. तुम्हीही आला होतात. सगळ्यांनी अक्षता टाकल्या. तुमच्या अक्षता मुठीतच राहिलेल्या मी पाहिल्या. पंगतीत तुमच्या पानावर मामीनं आग्रहानं वाढलं, तुम्ही खाली मान घालून सगळं संपवलंत. माझ्याकडं एकदाही पाहिलं नाहीत.

वरात गेली, पाहुणे पांगले, मग काकानं आईला घरात बोलावलं. मी बाहेर बसलो होतो. आतून कोणाच्याच रडण्याचा आवाज आला नाही, आधी नाही. मग आल्या बाया शेजारच्या, आणि त्यांनी त्या हिरव्या बांगड्या वाढवल्या. पुढं मी मोठा झाल्यावर, कमावता झाल्यावर, आईला एकदा विचारलं की काका आला त्या दिवशी तुला काय वाटलं होतं. ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं नाही. म्हणाली, "मले कोनी सांगतलं नाई, अन् मी इचारलं बी नाई." एवढंच. पुन्हा मीही विचारलं नाही.

त्यानंतर तुम्ही बदललात. घरून वाक्यं आणायला सांगणं बंद. उपमेची व्याख्या, रूपकाची व्याख्या, उत्प्रेक्षेची व्याख्या, म्हणा सगळ्यांनी मोठ्यानं. तपासणीला साहेब आला तर आमची घोकंपट्टी ऐकून खूश होऊन गेला. पोरांना काही कळेना की मास्तरांना झालं काय. मला कळत होतं. मी पुढच्या रांगेतून उठून मागं जाऊन बसलो आणि तुम्ही एकदाही पुढं ये म्हणाला नाहीत. वर्ष फिरलं, तुमची बदली मूर्तिजापूरकडं झाली. समुद्रापल्याडची लढाई थांबली, कापूस उतरला, शिंगांची चांदी उतरली. पुढं अकोल्यात एका जुन्या ओळखीच्या माणसाकडून कळलं की मास्तर तापानं वारले, एकटेच होते.

मला तुमचा राग आहे, मास्तर. सांगून टाकतो. खोटं बोललात म्हणून नाही. त्या दिवशी तुमच्या तोंडून तो शब्द निघता तर वर्गभर ऐकू गेला असता आणि बहिणीचा जन्म वाया गेला असता, हे मला केव्हाचंच पटलंय. राग याचा आहे की नंतर तरी, सगळं उरकल्यावर, तुम्ही मला जवळ बसवायला हवं होतं. गावात दोघांनाच माहीत होतं की मला कसं कळलं. तुम्ही त्या पोराला टाळलंत आणि सोबत तो धडाही टाकून दिलात, जणू दोष धड्याचाच होता. धड्याचा दोष नव्हता हो! त्या तीन प्रश्नांइतकं खरं मला पुढं कोणी काही शिकवलं नाही. पण मास्तर झाल्यावर मीसुद्धा पोरांपुढं व्याख्याच फेकल्या. दरवर्षी तो पाठ आला की मला वाटायचं, घरून वाक्य आणा म्हणालो आणि एखादं पोरगं छाती काढून उभं राहिलं तर? त्याच्या घरात काय शिजत असेल मला काय ठाऊक? म्हणून पाठांतर. माझ्या हाताखालून इतकी पोरं गेली, सगळ्यांना रूपकाची व्याख्या येते, आणि एकालाही विहिरीची ओवी कळायची नाही. तो नवा मास्तर अर्धा चहा टाकून गेला तो याच्यामुळंच. त्याला निरोप पाठवावा असं दोनदा मनात आलं. अजून पाठवला नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ठाऊक आहे. लिहून झाल्यावर सवयीनं वाचून पाहिलं, पोरांच्या वह्या तपासाव्यात तसं. तुम्ही वारलात हे मी सरळ लिहिलंय, दोनदा. बापाजवळ आलो की मात्र लेखणी दरवेळी बाजूनं गेली आहे. काकानं जो शब्द गिळला, तुम्ही गिळलात, आईनं जन्मभर गिळला, तो मलाही कधी उच्चारता आला नाही. बायकोजवळ नाही, मुलांजवळ नाही. कोणी विचारलं तर मी म्हणतो, ते मुंबईकडं गेले होते. एवढा म्हातारा झालो, पण म्हणतो असंच. आज घरात कोणी नाही, म्हणून लिहितो. माझा बाप मेला, मास्तर. मुंबईच्या वाटेवर पटकीनं मेला, आणि त्यानं समुद्र पाहिला की नाही, हे मला कोणी सांगितलं नाही.